सहा महिन्यांचं स्टेशन

७ ऑगस्ट २०२३, सोमवार

आज मी रेल्वेत लागलो. वय बासष्ट. एकतीस वर्षं एष्टीत कंडक्टरकी केली, परभणी-सोनपेठ आणि सोनपेठ-परभणी. एकुलती पोरगी शिकून सासरी गेलीय, आणि रिटायर झाल्यापासून घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसत्या चौकशा करत बसलो होतो. बायको म्हणजे कडूबाई म्हणाली, "बरं झालं, आता लोकायला इचारा कुठं चालले म्हनून. मला इचारू नगा."

तसा मी रेल्वेचा नोकर नाही, हॉल्ट एजंट आहे. मोठ्या स्टेशनातून तिकिटांचा गठ्ठा आणायचा, इथं विकायचा आणि त्यावर थोडं कमिशन घ्यायचं. आमचं बोरखेड रोड स्टेशन बंद पडून पंचवीस-तीस वर्षं झाली. आता सहा महिने सकाळची परभणीला जाणारी आणि संध्याकाळची परतणारी पॅसेंजर इथं थांबवून बघणार आहेत. उतारू दिसले तर थांबा कायमचा, नाहीतर पुन्हा बाभळी.

पहिलं तिकीट दादानं घेतलं. दादा म्हणजे राधाकिशन, माझा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, मला दादानंच वाढवलं. बैल विकून मला एष्टीत चिकटवलं. थांब्याच्या अर्जावर पहिली सही त्याचीच होती. फेटा बांधून आला होता. गाडी थांबली तेव्हा माझे डोळे भरून आले. दादा मात्र गाडीकडं न बघता यार्डाकडं बघत उभा होता. जुने दिवस आठवले असतील.

१२ ऑगस्ट

मारुतीच्या पारावर गाव जमलं. जीपवाली पोरं उतारू पळवतील ही भीती सगळ्यांनाच आहे. म्हणून ठरलं की सहा महिने कुणी जीपनं परभणीला जायचं नाही. शपथेचा बेलभंडारा उचलायचं ठरलं तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. दादा उठला, सगळ्यांत आधी त्यानं उचलला. मग काय, रांगच लागली. रामहरीनंसुद्धा उचलला, आणि त्याच्या पोराची तर स्वतःची जीप आहे. मला हसू आलं.

२० ऑगस्ट, रविवार

पाऊस नाही. पोळ्याआधीच सोयाबीन माना टाकायला लागलंय. स्टेशनात दोन गाड्यांच्या मध्ये दिवसभर काम नसतं, म्हणून स्टेशनाचा इतिहास लिहून भिंतीवर फलक लावायचं मनात घेतलंय. आज त्यासाठी नर्मदाबाईकडं गेलो. तिचा नवरा इथं पॉइंटमन होता, म्हणजे सांधे बदलायचा. ती ऐंशीच्या पुढं आहे, कान गेलेत, पण जीभ शाबूत आहे.

ती म्हणाली, "निजामाच्या राजात बांदलं टेसन. यार्डात तीन रूळ व्हते. मालधक्क्यावर कापसाच्या गठाणी अशा लागायच्या की पलीकडचं मानूस दिसायचं न्हाई. वस्तीवरल्या सिद्धोधनचा बाप हमालाचा मुकादम व्हता. गावातले म्हनायचे, वस्तीवरले लोक टेसनामुळं माजलेत. माजलेत म्हंजे काय, आमच्या बांधावर कामाला यीनात."

विहिरीचं विचारलं तर तिचा चेहराच बदलला. ही इंजिनाला पाणी पाजायची विहीर. दगडी, खोल, वर लोखंडी सोंड होती. ती म्हणाली, "भात्तरच्या दुस्काळात समद्या हिरी आटल्या, ही न्हाई आटली. गावाचं पानी येगळं, वस्तीचं येगळं, पर टेसनाची हीर एकच. बामनाची बाई अन् सिद्धोधनची आजी एका रांगेत. ते म्या डोळ्यानं पाह्यलंय."

रुंदीकरण झालं, डिझेल आलं, यार्डाचे रूळ उपटून नेले, मालधक्का ओस पडला. तेवढ्यावर तिचा इतिहास संपला. मी म्हणालो, आता पुन्हा सुरू झालंय. तिनं विचारलं, "हिरीवर कोन हाय आता?" मी म्हणालो कुणी नाही. ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. ऐकू आलं नसेल.

२ सप्टेंबर

सिद्धोधनची पोरगी राणी आता रोजची उतारू आहे. परभणीला नर्सिंगला प्रवेश घेतलाय. जीपमध्ये मागं फळीवर, पुढं बॉनेटवर माणसं लोंबकळतात, त्यात बाप पाठवत नव्हता. होस्टेल परवडत नव्हतं. गाडीमुळं जमलं. सिद्धोधन आणि मी एका वर्गात होतो. तो रोज तिला सोडायला येतो आणि गाडी हलेपर्यंत माझ्यापाशी उभा राहतो. आज म्हणाला, "मास्तर, माज्या बापानं या टेसनात वझी उचलली. पोरगी तिकीट काढून बसायलीय. लय झालं."

एष्टीतल्या कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात. आता स्टेशनातही तेच चाललंय. मी हरकत घेत नाही.

११ सप्टेंबर

उतारूंसाठी रांजण मांडलाय, तो त्या विहिरीच्याच पाण्यानं भरत होतो. एक गोष्ट नवल वाटण्यासारखी आहे. सकाळी पाणी पायरीला लागलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कधी कधी दोन पायऱ्या खाली गेलेलं. मग पुन्हा वर येतं. पाऊस नाही, माझा रांजण सोडला तर कुणी शेंदत नाही. जुनी विहीर आहे, झिरपत असेल. एवढ्या तहानलेल्या सालात जमीन पाणी पिणारच.

मागच्या आठवड्यात दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "लेकरं वाकून बघत्यात, कुनी पडलं तर तुज्या अंगावर यील. जाळी बसवू." तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या खर्चानं जाळी बसवून कुलूपही लावलं. चावी त्याच्याकडंच ठेवली, माझ्याकडून हरवेल म्हणाला. खरंच आहे, माझ्याकडून हरवली असती. रांजणाचं पाणी आता घरून आणतो.

८ ऑक्टोबर

कापूस गुडघ्याएवढाच. सगळीकडं जमीन भेगाळलीय, फक्त दादाचा ऊस काळाभोर उभा आहे. त्याच्या बोअरला मागंच पाणी लागलंय म्हणतात. त्याच्या हाताला यश आहे, लहानपणापासून बघतोय. माझ्या दीड एकरालाही त्याच्याच लाइनीतून पाळीचं पाणी येतं, त्यामुळं यंदा गहू पेरायचा विचार आहे. शेजारीपाजारी हरभऱ्यालाही भीत असताना आम्ही गहू पेरणार. कडूबाईला म्हणालो, भाऊ असावा तर असा. ती चुलीत फुंकर घालत राहिली.

२१ नोव्हेंबर

दिवाळी झाली आणि गाव रिकामं झालं. अर्धी वस्ती, पाऊण गाव ऊसतोडीला गेलं. ट्रकमध्ये भांडी, लेकरं, शेळ्या, सगळं. तिकिटं कुणाला द्यायची? सकाळी राणी, दोन मास्तरणी आणि कधीतरी एखादा दवाखान्यातला माणूस. संध्याकाळी तेच परत. एष्टीत उतारूंचं असं भारमान आलं असतं तर डेपो मॅनेजरनं मला उभा जाळला असता.

झोप लागत नाही. फेब्रुवारीत सहा महिने भरतील. राणीची अजून दोन वर्षं आहेत.

२५ नोव्हेंबर, शनिवार

दादानं तोड काढली. सकाळी चहाला आला आणि म्हणाला, "गावात जेवढी घरं उघडी हायेत, तेवढ्यानी घरटी तीन-चार तिकिटं काढायची. बसायचं कशाला? इक्री दिसली म्हंजे झालं. मंगळवारी करू, बाजारचा दिस न्हाई, लोक घरी असत्यात."

मी जरा विचारात पडलो, पण तसं काही वाकडं दिसेना. एकतीस वर्षांत मी एकच कायदा शिकलो: उतारूंपेक्षा तिकिटं कमी निघाली की कंडक्टर मेला. तिकिटं जास्त निघाली म्हणून कुणाला मेमो मिळालेला माझ्या ऐकिवात नाही. आम्ही सरकारला फुकट पैसे देतोय, त्यात चोरी कसली? पैसे कमी पडतील तिथं दादा घालणार आहे. मी मोठ्या स्टेशनातून जादा गठ्ठा आणायला निघालो. दादाही परभणीला निघाला होता, कारखान्याचं काम होतं म्हणाला.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

खिडकीपुढं रांग लागली होती. म्हातारी माणसं काठ्या टेकत आली. नर्मदाबाईनं लुगड्याच्या गाठीतून नाणी काढून हैदराबादचं तिकीट मागितलं. बसायचं नाही तर लांबचं घेते म्हणाली. मी परभणीचंच दिलं. तिकिटं संपत आली तेव्हा मला वाटलं, नर्मदाबाई सांगते तसं ते जुनं स्टेशन हेच असणार.

गाडी आली. राणी आणि दोघी मास्तरणी चढल्या. बाकी सगळं गाव फलाटावर उभं राहून हात हलवत होतं. तेवढ्यात गाडीतून दोन साहेब उतरले. त्यांनी चढणारे मोजले होते. खिडकीशी येऊन विक्री विचारली. मी छाती काढून सांगितली.

"मग उतारू कुठं आहेत?" एक जण म्हणाला.

मी म्हणालो, "हे काय साहेब, अख्खं गाव उभं आहे."

त्यांना हसू आलं नाही. खोटी विक्री दाखवून थांबा टिकवायचा प्रयत्न, असा शेरा मारला. आधीच्या महिन्यांची विक्रीही संशयाखाली आली. राणीनं ऑगस्टपासून रोज काढलेलं तिकीटसुद्धा. मी पाया पडलो, खोटं कशाला बोलू. धाकट्या साहेबाला माझी दया आली असावी. जाताना म्हणाला, "तुम्ही राधाकिशनरावांचे बंधू ना?" दादाचं नाव रेल्वेच्या ऑफिसपर्यंत पोचलंय हे ऐकून त्याही अवस्थेत मला जरा बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

त्याच दिवशी, त्याच गाडीला साहेब आले, हे आपोआप घडलेलं नाही. कुणीतरी फोन करून कळवलं. रामहरीशिवाय दुसरं कोण असणार? पोराची जीप. त्याच्या दारात जाऊन मी त्याला बेलभंडाऱ्याची आठवण करून दिली, नको ते बोललो. तो रडकुंडीला आला. "भागवत, माज्या पोरानं जीप दिवाळीतच इकली, तो तोडीच्या ट्रकावर गेला रे. आमी कशाला तुजं टेसन मोडू?" मी म्हणालो, ही नाटकं दुसऱ्याला दाखव. दादा मध्ये पडला आणि मला हाताला धरून घरी घेऊन आला. वाटेत म्हणाला, "जाऊ दे. गावात वैर नगं." केवढं मन आहे त्याचं.

१५ डिसेंबर

थांबा रद्द झाल्याचं पत्र आलं होतं, आज शेवटची गाडी थांबली. उरलेली तिकिटं परत केली. राणी गाडीतून उतरली आणि सिद्धोधननं तिचं दप्तर खांद्यावर घेतलं. दोघं वस्तीकडं चालू लागले. मी खिडकीला फळी ठोकली. इतिहासाचा फलक अर्धाच झालाय, तो घरी आणून भिंतीशी पालथा ठेवला.

११ जानेवारी २०२४, गुरुवार, येळवस

लिहायचं नव्हतं. पण आज जे झालं ते कुठंतरी ठेवायलाच पाहिजे.

येळवशीचं, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेचं, जेवण नेहमीसारखं दादाच्या शेतात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, घातली होती. भज्जी, आंबील, उंडे, सगळं होतं. शेताभोवती आंबील शिंपडत फिरायचा मान थोरल्याचा, पण दादाचे गुडघे धरलेत, म्हणून तो म्हणाला, "औंदा तू फीर. पर उसाच्या मागून नगं जाऊ, काटं हायेत. अर्ध्यातून परत ये." मला ते पटलं नाही. लक्ष्मीला शेत दाखवायचं तर अर्धं दाखवायचं का? मी उसाच्या मागून गेलो.

मागच्या बांधाला लागूनच यार्डाच्या बाभळी सुरू होतात. तिथं पाय चिखलात रुतला. जानेवारीत, असल्या सालात, चिखल. खाली बघितलं तर काळा पाइप होता, जोडाला गळत होता. बाभळीच्या काट्यांतून पाइपाच्या मागं मागं गेलो. जुन्या मालधक्क्याच्या खालून, जिथं कापसाच्या गठाणी लागायच्या तिथून, तो थेट विहिरीच्या पाठीमागं गेला होता. तिथं पत्र्याखाली मोटर. वरून जाळी आणि दादाचं कुलूप. पाइप एकच नव्हता. बांधापाशी त्याला फाटा फुटला होता, कॉक बसवलेला, आणि तो फाटा माझ्या गव्हात जात होता.

बोअरला पाणी लागलंच नव्हतं कधी.

फेरी अर्धी टाकता येत नाही म्हणून पुरी केली. निम्मी आंबील माझ्याच धोतरावर सांडली. कोपीत येऊन मी दादाला म्हणालो, "विहिरीवर मोटर कुनाची हाय?"

तो म्हणाला, "आदी जेवून घे."

"दादा, साहेबाला फोन तुमी केला व्हता का?"

त्यानं भज्जीत उंडा कुस्करला. शांतपणे म्हणाला, "थांबा कायमचा झाला असता तर कुंपन आलं असतं. कुंपन आलं की हीर गेली. वीस वर्सं झाली पानी घ्यायलोय. तुजी पोरगी शिकली ती कशावर? एष्टीच्या पगारावर?"

"मंग अर्जावर सही कशाला केली? बेलभंडारा कशाला उचलला?"

"न केलं असतं तर पहिला संशय माज्यावरच आला असता. सहा महिन्यात आपोआप मरंल वाटलं व्हतं. तू लय जीव लावलास त्याला."

मग म्हणाला, "तुजं नाव कुठं खराब व्हऊ दिलं न्हाई. साहेबाला म्हनलं, माजा भाऊ साधा हाय, त्याला सोडा."

मी जेवलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा येळवशीला उपाशी राहिलो. ज्याच्या बोटाला धरून मी चालायला शिकलो, त्यानं त्याच बोटानं फोन लावला आणि वर माझ्यासाठी गयावया केली. मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

१२ जानेवारी

कडूबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडायचं थांबली नाही.

"तुला ठाऊक व्हतं," मी म्हणालो.

"बाया समद्यायला ठाऊक हाय. रातची मोटर चालू झाली की गावाला ऐकू येती. तुमी नोकरीवर असायचे, मग टेसनात."

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगून काय केलं असतं? पोरीची फी भरायच्या वक्ताला हीर बंद केली असती?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "अवो, तुमी त्या टेसनात इतके खूस व्हते. तोंड उघडवलं न्हाई माज्यानं."

नर्मदाबाईनं विचारलं होतं, विहिरीवर कोण आहे. तिला ऐकू आलं होतं. बहिरा मी होतो. रामहरीला जे बोललो ते आठवून जेवण जात नाही. त्याच्या दारावरून दोनदा गेलो. कडी वाजवायचं धाडस झालं नाही.

१४ जानेवारी

गव्हाचा कॉक बंद केला. तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो. "माझे बंधू" इथपर्यंत आलो आणि उठलो.

२२ जानेवारी

गहू ओंबीवर आलाय आणि पात खालून पिवळी पडतीय. दादाकडं जात नाही. तोही येत नाही. रात्री मोटरीचा आवाज येतो. खरंच येतो. इतकी वर्षं मला तो कसा आला नाही, हे मलाच कळत नाही.

सिद्धोधन रस्त्यात भेटला. राणी आठ दिवस जीपनं गेली. एक दिवस रडत घरी आली, काय झालं ते तिनं सांगितलं नाही. आता नर्सिंग सोडवलंय. उन्हाळ्यात सोयरीक बघणार. मी म्हणालो, पोरगी हुशार आहे, घाई करू नको. तो म्हणाला, "मास्तर, घाई कोन करायलंय?"

२७ जानेवारी

कडूबाई आज शेतात जाऊन एक ओंबी घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. दाणा भरलेला नव्हता. तक्रार केली तर विहीर जाईल, पण थांबा काही परत यायचा नाही. दादा आत जाईल, माझा गहू जाईल, आणि राणी घरातच राहील. मग कुणासाठी करायची? असं मी स्वतःला दोन दिवस विचारतोय. उत्तर सोयीचं येतंय, म्हणून त्याच्यावर विश्वास बसत नाही.

३० जानेवारी, मंगळवार

सकाळी लाइट होती. मोटर चालू झाल्याचं अंथरुणातूनच ऐकलं. चहा घेतला, खोरं घेतलं आणि शेतात गेलो. कॉक मीच फिरवला. गंजल्यासारखा घट्ट बसला होता, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. पाणी आलं. गार, स्वच्छ पाणी.

तिसऱ्या वाफ्यावर होतो तेव्हा सिद्धोधन यार्डातून बाभळीचं जळण घेऊन आला. भारा खाली टाकून बांधावर बसला. परभणीची गाडी न थांबता गेली. दोघांनीही तिकडं बघितलं नाही.

"गहू वाचंल आता," तो म्हणाला. मग दंडातून वाहणाऱ्या पाण्याकडं आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "मास्तर, फोन कुनी केला व्हता, काई कळलं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

"कळलं तर सांगा. भांडायचं न्हाई मला. निस्तं त्याचं तोंड बघायचंय एकदा."

तो उठला नाही. माझ्या तोंडाकडं बघत तसाच बसून राहिला. मी खाली वाकलो आणि पाणी पुढच्या वाफ्यात घेतलं.